दिसेल असं खेळा

घरी नळाला पाणी सुटलेलं, पाचव्या दिवशीचं.
हंडे, पिंप, पातेली, सगळं दारात.
वहिनी म्हणाली, हिला ने की कुठंतरी, पायात येते नुसती.
आणि जुन्या टॉवेलच्या तुकड्यानं पिंपाचं झाकण पुसू लागली.
तुकड्यावर मोराचं डोकं.

सान्विका स्कुटीवर पुढं उभी.
"आत्या, किल्ल्यात काय आहे?"
हत्ती. सिमेंटचा. सोंडेवरून घसरता येतं.
"एवढंच?"
एवढंच की.

आई अशीच हाकलायची आम्हाला
नायनांबरोबर, त्यांच्या सुट्टीला.
अशोक चौकातून चालत.
मी, श्रीनू, शेजारची दोन न बोलावता आलेली.
नायना पुढं, कानामागं कापसाची लव तशीच,
खांद्यावर सेकंडात निघालेला टॉवेल:
कडेला मोर, धड विणायचं राहून गेलेला.
रस्ताभर ओरडून बोलायचे.
आमच्या गल्लीत सगळ्यांचेच वडील
ओरडून बोलायचे.

चुरमुऱ्यांची एक पुडी, पाच जणांत.
खंदकाशेजारून आत. तळ्यावरून वारा,
पलीकडं सिद्धेश्वराचं शिखर.
नायना बाकावर टॉवेल अंथरायचे, म्हणायचे,
दिसेल असं खेळा.
आणि डोळे मिटायचे.

'माझी सहल' या निबंधात मी लिहिलं होतं:
बागेत माझे वडील आमच्यावर लक्ष ठेवतात.
बाईंनी समासात बरोबरची खूण केली.

(मागच्या वर्षी गड्ड्याला आले, तेव्हा
आरशांच्या तंबूत शिरले होते, एकटीच.
आरसे तेच असावेत, पारा उडालेले.
एकात मी बुटकी, रुंद,
हुबेहूब आई.
तंबूवाला म्हणाला, मॅडम, फोटो काढा की.
नाही काढला.)

हत्ती आहे अजून.
कुणीतरी निळा रंगवलाय.
सोंड माझ्या खांद्याला लागते.
एवढीच होती?
यावरून घसरताना मला
अख्खं सोलापूर दिसायचं, गिरणीच्या चिमणीसकट.

बाक नवीन, ग्रॅनाइटचं,
पाठीवर कुणा नगरसेवकाचं नाव.
तुझ्याकडं बघतेय गं, खेळ.
रात्रीच्या गाडीनं आलेय पुण्याहून,
त्याआधी महिनाअखेर, त्याआधी ऑडिट.
पोरं ओरडतायत मराठीत, तेलुगूत,
एक कन्नडमध्ये भांडतंय, एक दखनीत रडतंय.
हळूहळू त्यांचा मिळून एकच आवाज होतो,
खटक खटक, खटक खटक,
मान खाली जाते

आणि कळतं.
सुट्टीच्या आदल्या दिवशी नायनांची रात्रपाळी असायची.
घर म्हणजे एक खोली, वर पत्रा,
उंबऱ्यात विडीच्या सुपाला टेकून आई.
झोपणार कुठं माणूस?
चाळीस वर्षं लागली मला
एवढं साधं गणित सुटायला:
सहल नव्हतीच ती.

मग एक गोष्ट मात्र उरते.
एकदा मी हत्तीमागं लपले, श्वास धरून.
श्रीनूला चिमटा काढून गप्प केलं.
शेजारची दोघंही गप्प.
सहा मोजले असतील, फार तर सात.
नायना उभे होते.
अनवाणी, टॉवेल पायात गुंतलेला,
माझं नाव घेऊन ओरडत.

माग चालू असला की ते कारखान्यातही डुलकी काढायचे.
थांबला की जागे.
धागा तुटला, एवढंच त्यांना कळायचं.
कुठला, ते नंतर बघायचे.

बागेत काहीतरी कमी होतं.
काय, ते समजायच्या आत मी उभी,
चप्पल एकाच पायात.
हत्तीच्या पोटाखाली दोन लाल सँडल,
अजिबात न हलणाऱ्या.

"सान्विका!"

अख्खी बाग वळून बघते.
मी कधीच बोलत नाही
इतक्या मोठ्यानं.