तेहतीस अंश

लेथेमच्या पोस्टात तिन्ही पाकिटं एकाच मंगळवारी आली.
इल्डानं ती फोडली नाहीत. माझ्या मिनीबसच्या
डॅशबोर्डवर ठेवली आणि म्हणाली, तू वाच,
मी टायर बघते.

स्कॉटलंडचं जाड. चकचकीत कागद,
हिरवळीवर हसणारी मुलं, एकीच्या मनगटावर घुबड.
फीचा आकडा शेवटच्या पानावर,
डॉक्टर जसा आजाराचं नाव सगळ्यात शेवटी घेतो.
मी तो जॉर्जटाउनच्या फेऱ्यांत मोजू लागलो:
एका फेरीत चौदा माणसं, कोंबड्यांच्या दोन पाट्या,
एक अख्खी रात्र, लाल धूळ.
अकराशे फेऱ्यांवर मोजणं सोडलं.

त्रिनिदादचं पातळ. तिथंही समुद्र ओलांडायचाच,
पण बोली कळते, आणि मार्सेलामावशी आहे,
जी उसने घेतलेले पैसे विसरते
आणि माशाचं कालवण मन लावून करते.

तिसरं नदीपलीकडचं. बोआ व्हिस्टा.
पत्ता हातानं लिहिलेला, इल्डाच्या नावात एक अक्षर जास्त.

अर्जासोबत तिनं तिघांनाही एकच प्रश्न पाठवला होता.
हे मला माहीत नव्हतं.


प्रश्न समजायला सात वर्षं मागं जावं लागतं,
आणि मला तिकडे जायचं नसतं.

अन्नाईच्या अलीकडे, पहाटेचे चार.
दिव्यांच्या उजेडात आधी शेपूट दिसलं,
वाटलं, वाळल्या गवताचा भारा रस्ता ओलांडतोय.
पुढचं सांगत नाही.
बंपरमधले राठ केस मी ओढ्यावर धुतले.
पाठीवरचं पिल्लू जिवंत होतं. आईच्या पट्ट्याला
आपला पट्टा जुळवून असं बसलेलं, की
जनावरं दोन आहेत हे कळायलाच मला उशीर लागला.

घरी आणलं. इल्डा तेव्हा अकराची.
तिनं हात लावला आणि म्हणाली, किती गार पडलंय.
मग आईची शाल. मग चुलीजवळची टोपली.
मग गरम पाण्याच्या बाटल्या, रात्रीतून दोनदा बदललेल्या.
पावडरचं दूध, कुस्करलेलं केळं, एकदा तर वारुळाची माती.
नऊ दिवस आम्ही त्याला ऊब दिली.
दहाव्या दिवशी मी खड्डा खणला.
शाल तिनं काढून घेऊ दिली नाही.

सगळ्यांना मी सांगितलं होतं, रस्त्यात सापडलं.
इल्डानं कधी विचारलं नाही. फक्त तेव्हापासून
ती बसच्या पुढच्या जाळीकडे बघत नाही.


स्कॉटलंडनं लिहिलं होतं: आपल्या प्रश्नाबद्दल आभार.
त्रिनिदादनं: चांगला प्रश्न. या, मिळून शोधू.
बोआ व्हिस्टाच्या पत्राखाली, शिक्क्याच्या बाजूला,
कुणा दिर्से नावाच्या बाईंनी पेन्सिलीनं:
तेहतीस अंश. कधी त्याहून कमी.
धडधाकट मुंगीखाऊ हाताला गारच लागतो.
त्याला तापवू नका.

दोनदा वाचलं. माझं पोर्तुगीज
डिझेल आणि बिअरपुरतं, पण आकडे सगळीकडे तेच.

ती चाकाशी उकिडवी बसली होती.
काय म्हणतात?
मी म्हणालो, भाषेची परीक्षा द्यावी लागेल.
त्यांची पदवी आपल्याकडे चालते का, विचारावं लागेल.
मावशीला वाईट वाटेल.
आकडा सांग, ती म्हणाली.
मला वाटलं, फीचा. मग कळलं.
सांगितला.

नटाला पाना लावून ती बसून राहिली, फिरवला नाही.
"म्हणजे ते बरं होतं," ती म्हणाली. "आलं तेव्हा."


ताकुतूच्या पुलाशी रस्ता स्वतःलाच ओलांडतो:
आपली डावी बाजू सुटते, त्यांची उजवी लागते,
मध्ये एक वळण असं, की समोरचा कुठून जाणार
हे नव्या माणसाला कळत नाही.
परदेश म्हटलं की मध्ये समुद्र हवा, आई म्हणते.
ही तर फेब्रुवारीतली, कमरेइतकी नदी.

सोडायला मीच गेलो. बस सावकाश नेली.
ती पहिल्यांदाच पुढे बसली होती.
दिवे लाव, म्हणाली.
टळटळीत दुपार होती.
मी लावले.