मधली दोन घरं

दुक्मला जूनपासून वारा थांबत नाही.
केबिनच्या दाराला विटेचा टेकू,
कागदांवर गोदीतला एक गंजका नट.
एकशे त्रेचाळीस माणसं, प्रत्येकापुढे एक आकडा:
घरी जाऊन आल्याला किती महिने झाले.
सर्वांत लहान एक.
सर्वांत मोठा सत्त्याण्णव.

मोठ्यातून लहान वजा, शहाण्णव.
इथवर गणित कोणाच्या बाजूचं नसतं.
पुढचं माझ्या हातात: किती रुंद कापायचं.

दोन-दोन महिन्यांचे वर्ग केले,
एकोणपन्नास ओळी झाल्या,
आलेख म्हणजे दात पडलेली फणी;
मेसचा टेकेंद्र दिसतो, वेल्डर मुथय्या दिसतो,
जमाव दिसत नाही.
पन्नासचे केले तर एक डोंगर आणि एक उंबरठा,
त्यात कोणीच दिसत नाही.

कॉलेजात बाई सांगायच्या,
पाचाहून कमी नकोत, पंधराहून जास्त नकोत,
बाकी तुमची नजर.
नजर हा शब्द तेव्हा मी वहीत उतरवून घेतला नव्हता.

वर्गीस साहेबांना छत्तीसचे हवेत.
"तीन खांब. स्लाइडवर नीट बसतात."
पहिल्यात एकशे अठरा.
करारात लिहिलंय, चोवीस महिन्यांनी तिकीट.
ज्यांचं थकलंय ते, ज्यांचं थकलं नाही त्यांच्या
खांद्याला खांदा लावून एकाच निळ्या खांबात,
शाळेच्या फोटोत मागच्या रांगेत उभे राहावे तसे.

मी बाराचे केले.
एकोणपन्नास, तीस, एकोणचाळीस, सतरा, पाच, दोन,
शून्य,
शून्य,
एक.
उतरत्या जिन्यात तिसरी पायरी वर आलेली.
अंधारात ठेच लागावी अशी.

साहेब बराच वेळ बघत राहिले. मग,
"बरोबर चोवीसवाले कुठे घातलेस?"
तिसऱ्यात. वरची मर्यादा त्या वर्गात धरत नाहीत.
"मग एक ते चोवीस कर, पुढे पंचवीसपासून.
तीही पद्धत आहेच ना?"
आहे. पुस्तकात दोन्ही आहेत, समोरासमोरच्या पानांवर.
अकरा माणसं बंकवरून न उठता
रेघेच्या अलीकडे आली.
"आणि शेवट उघडा ठेव. साठ आणि वर.
रिकाम्या ओळी कशाला?"

संध्याकाळी मुनाफ खोत आला, हर्णैचा,
टाक्यांना आतून रंग मारतो;
आधी त्याचा खोकला येतो, मागून तो.
स्क्रीनवर बोट टेकवून विचारलं,
"हा टोकाचा बारका कोण?"
तू.
"आणि ही मधली दोन घरं रिकामी कशाला ठेवलीस?
भाड्यानं दे. आमच्या खोलीत सोळा झोपतात."
हसला, खोकला, पुन्हा हसला.
आठ वर्षं, मुनाफभाई?
"गेलो तर मोजणी पहिल्यापासून लागेल," म्हणाला,
"एवढी जमवलीय."
टेबलावर रंगाचा अंगठा उठला. त्यानं तो बाहीनं पुसला,
आणखी पसरला.

उघड्या वर्गाला मध्य काढता येत नाही.
रुंदीच नाही, तर अर्धं कशाचं करणार?
मुनाफला तिथे टाकला
तर एकसष्टवाल्याच्या मांडीला मांडी लावून बसेल,
आणि मधली तीन वर्षं
कोणी चालतच गेलं नाही असं होईल.

रात्री दोन प्रती काढल्या.
छत्तीसची मेलवर गेली.
हो, मीच पाठवली.
बाराची, शून्यांसकट,
मेसमध्ये चहाच्या पिंपावर चिकटवली.
पहाटेपर्यंत वाफेनं एक कोपरा सुटला असेल.

उद्या एक तारीख.
प्रत्येक आकडा एकानं सरकेल.
तेवीसवरचे नऊ जण
झोपेतच तिसऱ्या पायरीवर येतील.
आठांची नावं यादीत वाचली.
नववं वाचायची गरज नव्हती.