चोवीस तास

वस्तीची आशाताई म्हणून मला तीन बाटल्या मिळाल्या,
बोटभर उंचीच्या, तळाशी चिमूटभर पूड.
रेघेपर्यंत भरायच्या, बूच लावायचं,
उबेला ठेवायच्या चोवीस तास.
काळी पडली तर समजायचं, साहेब म्हणाले.
काय समजायचं ते कागदावर छापलेलं होतं,
कागद इंग्रजीत.

पहिली भरली टेकडीवरच्या कॉलनीत,
माळ्याच्या नळीतून, कुत्रं भुंकेपर्यंत.
दुसरी आमच्या गल्लीच्या तोटीतून.
तिसरी नसीमबींच्या माठातून.
त्यांची नात सुमय्या भिंतीला टेकून बसलेली.
बियाण्यांच्या गोदामात पाकिटं भरते ती,
वीस दिवस झाले, कामावर नाही.
डोळे पिवळे, नखं पिवळी.
"लग्नाआधीच हळद लागली पोरीला," नसीमबी म्हणाल्या,
आणि हसायला कुणी नाही म्हणून
स्वतःच थोडं हसल्या.

ज्वारीच्या कोठीत पुरल्या बाटल्या.
दाण्याला ऊब असते, माय म्हणायची.
रात्रभर मी खुडूक कोंबडीसारखी
कोठीच्या आसपास.

लिंबाजी व्हॉल्व्हमनला विचारलं होतं मी मागं,
धरण तेच, टाकी तीच, मग बिघडतं कुठं?
खांद्यावरची लांब लोखंडी चावी
त्यानं जमिनीला टेकवली.
"पाइप नाल्यातून जातो, ते सोडा बाई.
पर नऊ दिवस कोरडा ठेवला की
पाइपालाबी तहान लागती.
शेजारी जे असंल ते वढून घेतो,
मानसावानी."

कॉलनीला पाणी एक दिवसाआड.
त्यांचा पाइप तहानत नाही.
त्यांच्या ओट्यावरचं यंत्र एक बादली गाळतं
आणि दोन बादल्या मोरीत सोडतं,
मोरी नाल्यात, नाला आमच्या नळीवरून.
म्हणजे येतंच पाणी आमच्याकडे,
नाही असं नाही.

चौकात योजनेचा फलक आहे: चोवीस तास पाणी.
फलकावरचा नळ निळा,
त्याच्या तोंडाशी एक थेंब.
तीन वर्षं झाली, अजून खाली पडलेला नाही.

सकाळी कोठीत हात घातला.
कॉलनीची बाटली भरली तशीच.
आमची काळी.
नसीमबींची तर तव्याच्या बुडासारखी.
बाहेर काढली तेव्हा बाटलीला
दोन दाणे चिकटलेले होते ज्वारीचे,
ते मी पुसून परत कोठीत टाकले.

रकाने भरले, अहवाल दिला.
महिन्यानं उत्तर आलं:
नमुने घरगुती परिस्थितीत ठेवल्याने ग्राह्य नाहीत.
घरगुती परिस्थिती.
दोनदा वाचलं.
पाणी मग पितो कुठं आम्ही?

शेवटी अभियंता आले भर दुपारी,
जालन्याचं ऊन मानेवर घेऊन,
बसले दारातल्या खुर्चीवर.
आल्यागेल्याला आधी पाणी, मग बोलणं,
हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही.
चिंचेनं घासलेला तांब्या, वर फुलपात्र.
त्यांनी तांब्याकडं पाहिलं.
ओठ सुकलेले होते, मी बघत होते.
"नको, आत्ताच पिऊन आलो," म्हणाले,
आणि गाडीत ठेवलेल्या बाटलीकडं
नुसती नजर गेली त्यांची.

कागदावर काय लिहिलं ते दिसलं नाही.
शेऱ्याच्या रकान्यावर पेन बराच वेळ थांबलं होतं,
एवढं दिसलं.

ते गेले. तांब्या तसाच.
आठवा दिवस चालू होता,
भरलेला तांब्या ओतून कसा द्यायचा?
फुलपात्र भरलं,
उजेडाकडं धरलं, उगाच,
आणि प्याले.