नऊ ग्रॅम

नर्स इनोसेन्सियानं बाटली उजेडात धरून वाचलं :
लिटरभर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ.
हिलारियो हसला.
चाळीस वर्षं तो उयुनीच्या पांढऱ्या रानात
मीठ खरवडतोय, ढीग रचतोय, ट्रक भरतोय,
आणि त्याच्या बायकोची जखम
सरकारी बाटलीतल्या नऊ ग्रॅमनं धुवायची!
"आमच्यातलं घ्या की. हवं तेवढं."
"तुमचं नको. हेच. आणि आधी हात."

ते हात मी ओळखते.
भेगांत मीठ मुरलेलं, जूनमध्ये चिरतात,
रात्री कांबळ्याच्या लोकरीला अडकतात.
तिनं त्याला पोरासारखं मोरीपाशी उभं केलं :
बेचक्या, अंगठ्याचं मूळ, नखांखाली,
पुन्हा. पुन्हा.
मग हातमोजे. पहिला जोड फाटलाच.

इथं इतक्या उंचावर पाणी लवकर उकळतं
पण पुरतं तापत नाही.
"बुडबुडे बघू नका, घड्याळ बघा," ती म्हणाली.
आमच्याकडे घड्याळ कुठलं?
सेवेरीनाकडून आणलं, कोंबडा असलेलं.
चिमटा खळखळत राहिला, कोंबडा मान हलवत राहिला,
हिलारियो हात वर धरून उभा,
कुणी बंदूक रोखल्यासारखा.

पित्ताशय काढलं होतं. उजव्या बरगडीखाली
तिरके बारा टाके.
जाऊ कोकाची पानं चावून घेऊन आली, लावायला.
तो दारातच आडवा झाला. सख्ख्या वहिनीला.

जखमेपासून बाहेर. एका गॉझनं एकदाच.
मग तो टाकायचा, मागं फिरायचं नाही.
(भांडणात आम्ही दोघंही मागं फिरायचो,
पार त्या वर्षापर्यंत,
थोरला आंतोफागास्ताला निघून गेला त्या.)

सहाव्या दिवशी आठव्या टाक्याभोवती तांबडं दिसलं.
हात लावला तर ऊन.
त्यानं बॉलपेननं कडेनं रेघ ओढली,
मिठाच्या लादीवर कुऱ्हाडीआधी ओढतो तशी,
आणि रात्रभर कंदील घेऊन बसला.
पहाटे तांबडं रेघेच्या बाहेर होतं,
बोटभर.

मग सायकल. मग नर्स, धापा टाकत.
तिनं एक टाका कापला, आतलं वाहू दिलं,
गोळ्या दिल्या, आणि शिव्या कुणालाच नाही.
"रेघ ओढलीत म्हणून कळलं," एवढंच.
ते भोक आता आतून भरायचं होतं.
आठवडा म्हणाली होती, पाच लागले.

रोज सकाळी तो पाणी सोडायचा, विचारायचा :
"झोंबतंय?"
लग्नापासून या माणसानं
माझ्या जखमांवर मीठ चोळलेलं, ते तोंडानं.
तेव्हा कधी विचारलं नव्हतं.
"नाही," मी म्हणायचे. खरंच नव्हतं झोंबत.
नर्स म्हणे, रक्तात असतं साधारण तेवढंच असतं यात,
म्हणून अंगाला ते परकं वाटत नाही.

परवा शेवटची बाटली संपली.
तो परसात गेला,
पोत्यांच्या काट्यावर चिमूटभर मीठ ठेवलं,
अंदाजानं, नऊ ग्रॅम असेल.
बराच वेळ वाकून बघत होता.
काटा हलला नाही.