दोन मिलिमीटर

आधी मोजायचं. मग पुन्हा मोजायचं.
सदतीस बाय बावीस:
लिसांद्रोच्या घराची पुढची खिडकी.

घर म्हणजे नातालेसच्या रस्त्याकडेचं,
गुडघ्याएवढं, पत्र्याचं, निळं.
माणूस जिथे गेला तिथे बांधतात तसं.
आत फोटो, प्लास्टिकची फुलं,
फुटबॉल क्लबचा मफलर, एक मेणबत्ती.
वारा दर हिवाळ्यात काच फोडतो.
तीन वर्षं दोन्या नेवेन्का मला नवी काच आणायला सांगायची.
यंदा म्हणाली, ते न फुटणारं आण, पोरा.

न फुटणारं काही नसतं.
मी फक्त मान हलवली.

रात्री ताटं उचलून टेबलावर जुनी चादर.
चादरीवर ॲक्रिलिक, अजून कागदात गुंडाळलेलं.
कागद शेवटपर्यंत काढायचा नाही,
दुकानातला म्हातारा ब्रातिच बजावत होता,
काढलात की सगळं ओरखडतं, श्वाससुद्धा.
पट्टी घट्ट धरायची. पातं ओढायचं, दाबायचं नाही.
एकदा, दोनदा, आठदा, त्याच चरातून.
आधी कुरकुर. मग एक किंचाळी,
तेव्हा मार्गा रेडिओचा आवाज वाढवते.
पांढरा भुगा नखांत जातो, निघत नाही.

काळ्या दगडावरची रेघ निदान दिसते तरी.
ही दिव्याखाली तिरकी धरल्याशिवाय सापडत नाही.

पहिला तुकडा मी चार ओढींनंतरच मोडला.
घाई. दुसरं काय.
टेबलाच्या कडेवर रेघ ठेवली, तळहाताने खाली दाबलं,
भेग निघाली सरळ, शहाण्यासारखी,
आणि मध्येच तिला दुसरंच काही आठवलं,
ती वळली कोपऱ्याकडे,
जशी त्या रात्री गाडी

दुसरा तुकडा घेतला.

स्टिअरिंग माझ्या हातात होतं
हे नेवेन्काने एकदाही काढलं नाही.
जेवायला बोलावते. मटण वाढते. माप सांगते.
काच आरपार दिसते.
आवळलेल्या दोरीचाही काच असतो,
तो दिसत नाही, नुसता वळ राहतो.

आठ ओढी, मग आणखी दोन.
टेबलाची कड, फळी, दोन क्लॅम्प.
टक्.
एवढाच आवाज. बोट मोडल्यासारखा.
कड पात्याच्या पाठीने खरवडली,
ओल्या पॉलिशपेपरने घासली, जिभेने तपासली.
(मार्गाने पाहिलं. काही बोलली नाही.)

रविवारी आम्ही तिघं गेलो.
वाऱ्यात उभं राहायचं तर कमरेतून वाकावं लागतं,
नेवेन्का आयुष्यभर तशीच उभी राहिली आहे.
हातमोजे काढून मी कागद सोलला,
तो हातातून सुटला आणि सामुद्रधुनीकडे गेला.
खिडकी खाचेत बसली. केसभरही फट नाही.
मला, खोटं कशाला सांगू, अभिमान वाटला.
मेणबत्ती मागे सरकवली, प्लास्टिकपासून वीतभर.
पेटवली. दार लावलं.

ज्योत सरळ उभी राहिली. तिथे अशी
मी कधीच पाहिली नव्हती.
मग ती लहान झाली.
मग निळी.
मग नाही.

पुन्हा पेटवली. पुन्हा तेच.
बाहेर वारा पत्रे उपटत होता
आणि आत श्वास घ्यायलाही हवा नव्हती.

त्याला कोंडलंस, नेवेन्का म्हणाली.
रागाने नाही. भाजीत मीठ कमी म्हणावं तसं.

गाडीतून पक्कड आणली. रेघ नाही, माप नाही,
वरचा कोपरा पकडला आणि पिरगाळला.
तुटला वेडावाकडा, दातेरी, लाजिरवाणा.
त्यातून वारा आत गेला, शीळ घालत.
ज्योत आडवी झाली, मफलरकडे झुकली,
थरथरली,
राहिली.

तो त्रिकोण अजून माझ्या खिशात आहे.
किल्ल्या काढताना टोचतो.