दोन बोटं

वादी कबीरच्या उतारावर चार दुकानं झाली.
पाचव्यात रॅम्प आहे, म्हणजे प्लायवूडचा तुकडा,
आम्हाला पाहून आतल्या पोऱ्याने धावत आणून टाकलेला.
बाहेर सेहेचाळीस. चाकांच्या कड्या
हातमोज्यांतूनही चटका देतात.

"झोपून पाहा मॅडम. दहा मिनिटं, डोळे मिटून.
अंग आपोआप सांगतं."

माझं बेंबीपर्यंत सांगतं.
तिथून खाली तीन वर्षं पत्र नाही,
हैमाच्या रस्त्यावर उंट आडवा आला त्या रात्रीपासून.
उंट उठून चालत गेला, म्हणे.

हेरंब मला उचलतो. "एक, दोन."
तीन तो कधीच म्हणत नाही,
तीनला मी हवेत असते.

पहिली गादी मऊ.
खांदे म्हणाले, घे.
खांद्यांना काय जातंय म्हणायला!
उद्या सकाळी ह्याच खड्ड्यातून
खुर्चीपर्यंत मला ओढायचंय ते त्यांनाच.

दुसरी कडक.
टाचा, माकडहाड, कमरेचे दोन खुंट,
जिथं हाड कातडीला लगटून आहे तिथं
ही गुपचूप लाल करणार
आणि मला कळणार ते आरशातून.
रोज सकाळी लांब दांड्याचा आरसा धरून
मी माझ्या पाठीची बातमी वाचते.
एकदा नाण्याएवढा डाग उशिरा वाचला.
त्या नाण्यापायी अकरा आठवडे पालथी होते.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
मी आधी पाय उचलून ठेवते, उजवा, मग डावा,
शेजारणीची भांडी परत करावीत तसे, जपून,
मग अंथरूण पाहते.

तिसरी हवेची.
नळ्यांची एक रांग फुगते, दुसरी बसते,
दर दहा मिनिटांनी माझ्या वतीने कूस बदलत राहते.
पंपाचा आवाज माशांच्या टाकीसारखा.
"लाइट गेली तर?" हेरंब विचारतो.
"मस्कतमध्ये लाइट जात नाही," कुन्हिमोन म्हणतो.
मग थांबून, "वादळात गेली होती. चार दिवस."
विकणारा माणूस, आपल्याच मालाविरुद्ध बोलून गेला.
त्याची आई कण्णूरला आठ वर्षं बिछान्यात आहे,
हे आम्ही विचारलं नव्हतं.
वरचं रेक्झिनचं कव्हर त्याने ओढून काढलं,
"हे नको. ह्यात घाम साचतो."

हेरंब बाही दुमडतो.
नळ्यांखाली हात सरकवतो, तळवा वर,
माझ्या माकडहाडाच्या बरोबर खाली,
हॉस्पिटलातल्या फिलिपिनो नर्सने शिकवला तसा,
आणि हाड अजून किती लांब आहे ते चाचपतो.
"आहे?"
"थांब."
त्याचा हात माझ्याखाली आहे हे मला
त्याच्या चेहऱ्यावरून कळतं.
लग्नाला चौदा वर्षं झाली. एवढा वेळ
हा चेहरा मी पूर्वी कधी वाचला नव्हता.
डाव्या भुवईत एक पांढरा केस आहे.
"आहे. दोन बोटं."

"डबलमध्ये मिळेल?" मी विचारते.
कुन्हिमोन वही उघडून पाहतो,
त्याला उत्तर माहीत असूनही.
हवेची गादी एकट्याचीच येते.
शेजारी तो साधी लावून देईल, तेवढ्याच उंचीची.
मध्ये फट राहील.
"चादर घातली की दिसत नाही."

दोनशे दहा रियाल. वॉरंटी दोन वर्षं.
आमचा व्हिसाही दोनच वर्षांचा,
त्यापुढचं कुणी लिहून देत नाही.

पिकअप आमच्या पुढे.
त्यात हेरंबची साधी गादी उभी बांधलेली,
माझी खोक्यात, तिच्या पायाशी.
रुवीच्या सिग्नलला वाऱ्याने उभी गादी कलते,
दोरी ताणली जाते.
स्टिअरिंग घट्ट धरून हेरंब पुटपुटतो,
"एक, दोन."