नावांचा भाव

डिसेंबरचा हिशेब मी गाडीत बसूनच करते,
हीटर चालू, मांडीवर वही,
एव्हलेथच्या किराणा दुकानामागे,
जिथे पालिकेने बर्फ ढकलून ढकलून
खाणीतल्या मातीसारखं टेकाड उभं केलंय.

टपालाने परत आलेलं कार्ड: चौतीस डॉलर नग.
महाग. पण त्यावर माणसाचा हात फिरलेला असतो.
पेनाचा दाब, कॉफीच्या कपाचं गोल,
जन्मतारखेच्या रकान्यात एकाने
बायको गेली ती तारीख लिहिली होती.
वीस कार्डांत सात दारं उघडतात,
तीन घरांत बसायला खुर्ची मिळते,
सह्या दोन. बरं वर्ष असेल तर.

इंटरनेटवरची लीड: बारा डॉलर, ताजी म्हणतात.
ताजी म्हणजे रात्री एक वाजता
कुणाचं तरी बोट कुठेतरी पडलं
आणि उजाडेपर्यंत तेच नाव सहा जणांना विकलं गेलं.
माझा फोन जातो तोवर
पाच जणांनी त्या बाईचं डोकं उठवलेलं.
"अगं, मला फक्त ते कूपन हवं होतं," ती म्हणते,
आवाज इतका थकलेला
की मीच माफी मागते आणि बारा डॉलर खोडते.

डुएन झाल्को म्हणतो, मार्लिस, ओळखी धर. ओळखी फुकट असतात.
फुकट?
वर्षभरात तो किती दफनांना थंडीत उभा राहिला,
किती म्हाताऱ्यांचे कोबीचे डबे धुऊन परत केले,
ते कुठल्या वहीत मांडायचं?
त्याने मेव्हण्याला पॉलिसी विकली
आणि मेव्हणा गमावला, हातीपायी धडधाकट.
त्याचा क्लेम मिळत नाही.
म्हणून माझा नियम: घरच्यांना विकायचं नाही.
विषयच काढायचा नाही.

राहिली शिळी नावं. पस्तीस सेंट.
तीन-चार वर्षांपूर्वीची कार्डं, कुणी कुणी चघळून टाकलेली,
स्कॅन करून हजाराच्या गठ्ठ्याने विकतात.
शिळ्या कढीला ऊत, ठाऊक आहे मला.
पण नोव्हेंबर कोरडा गेला होता.

चारशे सतरावी ओळ:
हार्यू, टोइवो. एव्हलेथ.

सातच्या आकड्याच्या पोटात आडवी रेघ,
त्याच्या आईने शिकवलेली.
दहा हजारांच्या चौकटीवर खूण, दोनदा गिरवलेली.
रक्कम कशासाठी? — पुरायला.
फोनची सोयीची वेळ? —
मुलगी कामावर असते तेव्हा.

मी कामावर म्हणजे
दुसऱ्यांच्या बापांच्या स्वयंपाकघरात,
समोर असलेच कागद पसरून.

खाली कुण्या एजंटाचा शेरा:
दोनदा फोन केला. उचलत नाही.

एकतीस वर्षं सुरुंगांशेजारी काढलेला माणूस.
फोन मांडीवर ठेवला असता तरी त्याला
फक्त थरथर कळली असती.
वाट पाहिली असेल त्याने, टीव्हीचा आवाज बंद करून.
दोन दिवस? आठवडा?
मग मी घरी आल्यावर नेहमीसारखं विचारलं असेल,
आज कुणी भेटलं का चांगलं,
आणि मी सांगितलं असेल, नाही, बाबा, सगळे तेच.

पेटीचे हप्ते ऑक्टोबरमध्ये फिटले.

सॉफ्टवेअर निकाल विचारतं.
विकली. नकार. चुकीचा नंबर. मयत.
बाण चारींवरून फिरवत राहते.
काच आतून धुरकटते.
चौकट रिकामीच सोडून खाली सरकते.

चारशे अठरा: लाहती, एल्मा. तोच रस्ता, चार घरं पुढे.
हिचाही नवरा खाणीत होता, हीसुद्धा
लॉन्ड्रीच्या यंत्रांत उभी राहून बहिरी झालेली.
शेरा तोच. उचलत नाही.

हीटर बंद करते. फोन डॅशबोर्डवर राहू देते.
हातमोजे काढून जाईन,
म्हणजे दार जोरात वाजवता येईल.